चाकं भाडेकरूंची

माणसाच्या अंगात चाक नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याबद्दल कुणी तक्रारसुद्धा करत नाही. टक्कल पडलं, उंची कमी पडली, दात पुढे आले, या सगळ्याबद्दल लोक देवाला जाब विचारतात. पण "दोनशेसहा हाडं दिलीस, सहाशेच्या वर स्नायू दिलेस, मग एखादं चाक द्यायला काय झालं होतं?" असं विचारणारा अजून भेटलेला नाही. जे मिळालंय त्याचा धंदा एकच, जायचं आणि परत यायचं. कोपर वाकतं आणि सरळ होतं. जबडा उघडतो आणि मिटतो (काहींचा मिटायला वेळ लागतो). छाती फुगते आणि बसते. पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा खाली येते आणि तितक्याच वेळा मुकाट्यानं वर जाते. स्नायूची तर आणखीच पंचाईत. त्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. त्यामुळे हात वाकवायला एक स्नायू आणि तोच हात सरळ करायला दुसरा, अशी प्रत्येक ठिकाणी दोघांची नेमणूक करावी लागली आहे. बाही सारून बेटकुळी दाखवणारे पुढच्याचं कौतुक करून घेतात. मागे राहून हात सरळ करणारा कुठल्याच फोटोत येत नाही.

आमच्या शेजारची मुलगी सहावीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे प्रकार आहेत: रेषीय, आंदोलित, वर्तुळाकार, नियतकालिक, यादृच्छिक. गृहपाठ होता, घरातली उदाहरणं शोधा. तिची वही मी चाळली. झोपाळा: आंदोलित. छताचा पंखा: वर्तुळाकार. टेबलफॅन: वर्तुळाकार आणि आंदोलित, "पण आपल्याकडे आला की लगेच वळतो." झुरळ: यादृच्छिक, चप्पल उचलल्यावर रेषीय. आजोबा: नियतकालिक, कारण ते दर तासाला उठून गॅस बंद आहे का ते बघतात. आजोबांच्या पुढे बाईंनी लाल शाईनं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आता ठरावीक काळानं तीच हालचाल पुन्हा होणं, ही नियतकालिक गतीची व्याख्या. आणि आजोबा ती पुस्तकातल्या लंबकापेक्षा काटेकोर पाळतात. लंबकाला निदान चावी द्यावी लागते.

पुस्तकातले हे प्रकार शरीराला लावायला गेलं की पहिला घोटाळा मानेशी होतो. कवटी ज्या मणक्यावर टेकलेली असते तो पहिला मणका आणि कवटी यांच्यामधला सांधा मान खाली-वर करायला असतो. पहिला आणि दुसरा मणका यांच्यामधला सांधा मान डावीकडे-उजवीकडे फिरवायला. शरीररचना शिकवणारे या दोघांना गमतीनं 'हो'चा सांधा आणि 'नाही'चा सांधा म्हणतात. ज्यांनी ही नावं पाडली ते आपल्याकडच्या बैठकीला कधी बसले नसावेत. आपली सगळ्यात जास्त वापरातली हालचाल तिसरीच आहे. डोकं एका खांद्याकडे किंचित कलतं, मग दुसऱ्या खांद्याकडे, ओठ थोडे पुढे येतात आणि अर्थ निघतो, "बघू." या कलण्याला स्वतंत्र सांधा नाही. मानेतले खालचे पाच मणके थोडं थोडं वाकून मिळून ते काम करतात. म्हणजे होकाराला एक सांधा पुरतो, नकाराला एक पुरतो आणि 'बघू' म्हणायला पाच जणांची समिती बसवावी लागते. निसर्गाला कामकाजाची पद्धत आधीपासून ठाऊक होती.

गुडघ्याचंही तसंच. बघायला तो दाराच्या बिजागरीसारखा दिसतो, पण पाय सरळ होता होता शेवटच्या टप्प्यात तो किंचित पिळतो आणि कुलूप लागल्यागत घट्ट बसतो. त्यामुळे माणूस फार जोर न लावता उभा राहू शकतो. पुन्हा चालायचं तर गुडघ्यामागचा एक लहानसा स्नायू ते कुलूप काढतो. रेशनच्या रांगेत, मंत्रालयाच्या पासाच्या खिडकीसमोर किंवा सासुरवाडीच्या देवघरात तासन्‌तास उभं राहता येतं त्याचं श्रेय सहनशीलतेला जातं. खरं श्रेय त्या पिळाचं आहे.

चाक का दिलं नाही, याचं कारण मात्र पटण्याजोगं आहे. चाक फिरायचं तर ते आसापासून सुटं हवं. आणि अंगातली कुठलीही वस्तू जिवंत राहायची तर तिला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जोडलेले हवेत. घोट्याखाली चाक बसवलं असतं तर दहा-बारा फेऱ्यांत आतल्या नळ्यांना शेवयांच्या सोऱ्यात घातल्यासारखा पीळ पडला असता. शिवाय चाकाला रस्ता लागतो. रानात, खडकात, चिखलात पायच सरस. आमच्या भागातल्या जलवाहिनीचं काम सुरू झाल्यापासून हे मला स्वतंत्रपणे पटलेलं आहे.

हृदयाला चाक असतं तर मात्र बरंच सोपं झालं असतं. ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकसतं आणि सैलावतं, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. बदली पंप बनवणाऱ्यांनी सुरुवातीला अर्थातच त्याची नक्कल केली, धडधडणारी यंत्रं बनवली. साडेतीन कोटी वेळा इकडून तिकडे हलणारा पडदा किती टिकणार? मग काही मंडळींनी नाद सोडला आणि सरळ फिरता पंखा बसवला. आज हृदय थकलेल्या रुग्णांना जो मदतनीस पंप लावतात त्यात बहुतेक वेळा एक छोटं फिरकं असतं. रक्त नळाच्या धारेसारखं एकसारखं वाहतं, ठोक्यानं वाहत नाही. परिणामी यातल्या कित्येक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागतच नाही. 2011 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी तर एका रुग्णाचं हृदय काढून त्या जागी असे दोन पंप बसवले होते. माणूस बोलत होता, आणि छातीला कान लावला तर ठोका नाही, नुसती घरघर. अशा माणसाला आपल्याकडच्या एखाद्या मुरलेल्या नाडीवैद्यापुढे बसवावं अशी माझी फार इच्छा आहे. वैद्यबुवा डोळे मिटून तीन बोटं ठेवतील, बराच वेळ काही बोलणार नाहीत आणि मग आयुष्यभराच्या सवयीनं म्हणतील, "वात आहे."

माणसाला चाक मिळालं नाही म्हणून त्यानं ते बाहेर बनवलं, इथवर सगळे सांगतात. त्यातली खरी मेख अशी की चाक बनवणं सोपं, ते फिरवणं कठीण. कारण फिरवणारा हात येरझारा घालणारा.

जातं ज्यांनी ओढलेलं आहे त्यांना हे सांगायला नको. वरच्या तळीच्या कडेला एक खुंटा. हाताला गोल फिरता येत नाही. मनगट अर्ध्यावर अडतं, कोपर तर नुसतं उघडझाप करणारं. मग खांदा, कोपर आणि कंबर मिळून एक करार करतात. थोडं तू पुढे जा, थोडं मी मागे येतो, थोडी पाठ वाकू दे. आणि यातली गुरुकिल्ली खुंट्यात आहे. तो मुठीत आवळायचा नसतो. सैल धरलेल्या मुठीच्या आत तो स्वतःशी फिरत राहतो. नवी सून पहिल्या दिवशी खुंटा गच्च आवळते आणि संध्याकाळी तिच्या तळव्याला फोड आलेला असतो, तो एवढ्यासाठीच. समोरासमोर दोघी बसल्या की जातं हलकं होतं, त्यामागेही हिशेब आहे. ओढण्यात जोर जास्त, लोटण्यात कमी. एकीचं लोटणं चालू असतं तेव्हा दुसरीचं ओढणं चालू असतं, म्हणून दगड कुठेही अडखळत नाही. वर ओवीची लय. डाव्या हातानं घास टाकायचा तोही त्याच लयीत. यंत्रशास्त्राचं एवढं शिक्षण पहाटे चारला उठून फुकटात मिळत असे आणि शिकणाऱ्या बायकांना त्याचं प्रमाणपत्र म्हणून भाकरी थापायला लागत असे.

शिलाई मशीनचं गणित त्याच्या पुढचं. मी लहानपणी आईच्या मशीनखाली बसून ते मोठं चाक बघत असे आणि पट्ट्याला बोट लावल्याबद्दल धपाटे खात असे. वर दोन्ही पावलं पायडलवर, टाच दाबायची, चवडा दाबायचा, टाच, चवडा. पायडलला जोडलेला लोखंडी दांडा खाली-वर होतो आणि तो दांडा मोठ्या चाकाला केंद्रापासून जरा बाजूला जोडलेला असतो, म्हणून चाक गरगरतं. पण प्रत्येक फेरीत दोन क्षण असे येतात की दांडा आणि चाकाचा आस एका रेषेत असतात. त्या क्षणी पायडलवर पहिलवान उभा केला तरी चाक हलणार नाही. चालत्या मशीनमध्ये ते कळत नाही, कारण जड चाक आपल्या जोरावर तो क्षण पार करून नेतं. कळतं ते सुरू करताना. म्हणून जाणता माणूस आधी उजव्या हातानं वरचं छोटं चाक आपल्याकडे किंचित फिरवतो आणि मग पाय दाबतो. शिकाऊ माणूस नुसता पाय दाबतो. चाक अर्धा क्षण विचार करतं आणि उलटं फिरतं. खाली बॉबिनपाशी दोऱ्याचं घरटं तयार होतं, सुई मोडते, आणि आतल्या खोलीतून न बघता आवाज येतो, "हात लावून सुरू कर म्हटलं होतं ना!"

आता या सगळ्या खटाटोपाचं फळ बघा. पायांची खाली-वर हालचाल मोठ्या चाकात जाऊन गोल झाली. ती पट्ट्यावरून वर गेली, छोट्या चाकात शिरली, आडव्या दांड्यातून पलीकडे पोचली आणि तिथे शेवटी सुई काय करते? खाली-वर. म्हणजे खाली-वरची गोल करायची आणि गोलची पुन्हा खाली-वर. मध्ये दीड-दोन हजार रुपयांचं लोखंड. माझ्या काकांना हे मी एकदा समजावून सांगितलं. ते जिल्हा परिषदेत हेड क्लार्क होते. त्यांना यात वावगं काहीच दिसलं नाही.

खाली-वरचं गोल करण्याच्या या साध्या करामतीवरून एकेकाळी इंग्लंडात मोठी भानगड झाली होती. जेम्स वॉटचं वाफेचं इंजीन आधी फक्त खाणीतलं पाणी उपसायला उपयोगी होतं, कारण त्याला खाली-वर एवढंच येत असे. गिरण्यांना आणि मद्याच्या भट्ट्यांना गोल फिरणारं हवं होतं. उपाय कुणालाही सुचला असता. मशीनच्या दांड्यासारखा दांडा आणि जात्याच्या खुंट्यासारखा खुंटा. पण 1780 मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डनं वाफेच्या इंजिनाला ही युक्ती लावण्याचं पेटंट आधीच घेऊन टाकलं. आपल्याच कारखान्यातल्या माणसानं बातमी फोडली, असा वॉटचा संशय. आणि तक्रार अशी की पायानं चालवायच्या लेथवर ही युक्ती पूर्वापार वापरली जाते, तिचं पेटंट कसलं? तक्रार रास्त होती. पण ज्या माणसानं स्वतः पेटंटांवर गाडी-घोडे कमावले त्याला रडताना बघून माझा तरी ऊर भरून येत नाही. पिकार्डला पैसे द्यायचे नाहीत म्हणून वॉटनं 1781 मध्ये वेगळीच रचना पेटंट केली. ती बहुधा त्याच्या हाताखालच्या विल्यम मर्डॉकला सुचलेली. दांड्याच्या टोकाला एक दातेरी चाक पक्कं बसवलेलं, ते दुसऱ्या दातेरी चाकाभोवती प्रदक्षिणा घालतं आणि मधल्याला फिरवतं. नाव ठेवलं 'सूर्य आणि ग्रह'. दिसायला देखणी, करायला महाग, पण एका हेलपाट्यात मोठं चाक दोनदा फिरायचं, हा वरकड फायदा. 1794 मध्ये पिकार्डच्या पेटंटची मुदत संपली, आणि साधा खुंटा पुन्हा सगळ्यांचा झाला. 1785 साली लंडनच्या एका मद्याच्या भट्टीत बसवलेलं असं 'सूर्य आणि ग्रह'वालं इंजीन आज सिडनीच्या संग्रहालयात आहे. आमच्याकडच्या पणजीनं खुंट्याचं पेटंट वेळीच घेतलं असतं तर वॉट आणि पिकार्ड दोघंही तिच्या ओसरीवर पायपुसण्यावर उभे राहिले असते, आणि तिनं आधी त्यांना पाय धुऊन यायला लावलं असतं.

आगगाडीच्या वाफेच्या इंजिनातही तो दोन क्षणांचा अडथळा होताच. त्यावर उतारा असा काढला की दोन बाजूंच्या चाकांचे खुंटे एकमेकांशी काटकोनात बसवायचे. डावीकडचं अडलेलं असतं तेव्हा उजवीकडचं ऐन जोरात असतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, पिस्टन मागे-पुढे, चाकं गोल. पुढे वाफ गेली, वीज आली. विजेच्या मोटारीला खाली-वरची भानगडच नाही, ती जन्मतःच गोल फिरते. एवढी प्रगती झाल्यावर त्या गोल फिरणाऱ्या मोटारीचं आपण काय केलं? कर्जतहून मुंबईला जायचं आणि मुंबईहून कर्जतला यायचं. कामावर जाणाऱ्याला विचारा, तो "प्रवास करतो" म्हणत नाही. "अप-डाउन करतो" म्हणतो. पिस्टनला बोलता आलं असतं तर तोही हेच म्हणाला असता, आणि वर चौथी सीट मिळाली का ते सांगितलं असतं.

पावसाळ्यात घाट चढताना एसटीच्या काचेवर वायपर बघत बसायची मला आवड आहे. आत मोटार सारखी एकाच दिशेला फिरत असते. मधल्या काड्यांच्या जोडणीनं त्याची पुन्हा ये-जा होते. वायपरचं पेटंट 1903 चं, मेरी अँडरसन नावाच्या बाईंचं, आणि त्यांचा वायपर आतून हातानं दांडा ओढून चालवायचा होता. त्या अमेरिकेतल्या अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या. पिकार्ड इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. एका बर्मिंगहॅमनं ये-जाची गोल फेरी केली म्हणून भांडणं लावली आणि दुसऱ्यानं हाताची ये-जा सरळ काचेवर नेली. चालकाच्या बाजूचा वायपर चालतो आणि कंडक्टरच्या बाजूचा नुसता थरथरतो, हा नियम मात्र कुठल्या बर्मिंगहॅमला लावता येईल ते शोधायला हवं.

आता अंगात चाक नाही म्हणून जे रडगाणं मी गातोय त्यात एक मोठी गफलत आहे, आणि ती समजल्यापासून मला जरा अपमान झाल्यासारखं वाटतं. चाकं आहेत. ती आपली नाहीत, एवढंच.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून आहेत. त्यांच्या अंगाला बारीक शेपट्या असतात. त्या माशाच्या शेपटासारख्या वळवळत असतील अशी बरीच वर्षं समजूत होती. 1973 मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी दाखवून दिलं की त्या वळवळत नाहीत, फिरतात. प्रत्येक शेपटीच्या मुळाशी एक खरीखुरी मोटार आहे, सुटी, गोल फिरणारी, सेकंदाला शंभरेक फेऱ्या मारणारी. दोन्ही दिशांना फिरणारी. म्हणजे घरमालक जन्मभर कोपर वाकव, गुडघा वाकव करत बसलाय आणि भाडेकरूकडे मोटार आहे, तीही रिव्हर्स गिअरसकट!

ही मोटार चालवायची पद्धत बघण्यासारखी आहे. एका दिशेला फिरली की सगळ्या शेपट्यांची वेणी होते आणि जिवाणू सरळ पळतो, साधारण सेकंदभर. मग दिशा उलटते, वेणी सुटते, तो जागच्या जागी कोलांट्या खातो आणि ज्या दिशेला तोंड होईल तिकडे पुन्हा सुटतो. कुठे जायचं हे त्याला माहीत नसतं. त्याला फक्त तीन-चार सेकंदांपूर्वीचं आठवतं. मघापेक्षा आता बरं चाललंय का, एवढंच तो ताडून बघतो. बरं असेल तर कोलांटी लांबणीवर टाकतो, नसेल तर लवकर मारतो. एवढ्या अकलेवर तो गोडापर्यंत बरोबर पोचतो. पुण्यात तुळशीबागेत शनिवारी संध्याकाळी हे सगळं सूक्ष्मदर्शकाशिवाय बघता येतं. दोन दुकानं सरळ, मग थबकणं, गर्रकन वळणं, पुन्हा भलतीकडे दोन दुकानं. समोर 'सेल' दिसला की वळणं कमी. यादृच्छिक चालीचा नियम असा की शंभर पावलं टाकली की माणूस सरासरी मूळ जागेपासून दहाच पावलं लांब जातो, आणि दुप्पट लांब जायचं तर चौपट चालावं लागतं. पिशव्या धरून कोपऱ्यावर उभे असलेले नवरे हा नियम सिद्धतेशिवाय मान्य करतात.

ई. कोलाय निदान भाडेकरू तरी राजरोस आहेत. दुसरे भाडेकरू मात्र पागडीचे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया असतात. ते मुळात स्वतंत्र जिवाणू होते. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी कधीतरी आमच्या पूर्वजाच्या घरात शिरले आणि मग निघालेच नाहीत. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिस या बाईंनी हे ठासून मांडलं तेव्हा फार कुणी ऐकून घेतलं नाही. पण पुरावा आत होताच. या मंडळींचा स्वतःचा वेगळा डीएनए आहे, म्हणजे घराच्या उताऱ्यावर नाव आपलं आणि कपाटात त्यांचे वेगळे कागद. खोली आईकडून मुलांकडे जाते, बापाच्या मायटोकाँड्रियांना वारसा नाही. पागडीचा भाडेकरू काढता येत नाही हे मुंबईकराला सांगायला नको. इथे तर काढला तर मालकच मरतो. तर या पागडीवाल्यांच्या भिंतीत असंख्य बारीक चाकं आहेत. एका बाजूचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला घुसताना चाक फिरवतात आणि फिरत्या चाकातून शरीराला लागणारं एटीपी नावाचं इंधन तयार होतं. हे चाक कसं काम करत असेल ते सांगितल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी जपानी संशोधकांनी त्या चाकाला एक तंतू चिकटवून ते प्रत्यक्ष फिरताना दाखवलं. दिवसाकाठी ही चाकं जवळपास आपल्या वजनाइतकं एटीपी पुन्हा पुन्हा तयार करतात. भाडं एक दिवस थकत नाही. कोर्टात नेण्याजोगी एकही गोष्ट नाही, आणि तेच मला खुपतं.

प्राण्यांतही दातेरी चाकांचा एक नमुना आहे. युरोपातल्या बागांत उड्या मारणारा तुडतुड्यांच्या जातीचा एक कीटक आहे. त्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी दहा-बारा दात्यांच्या पट्ट्या असतात आणि त्या एकमेकांत गिअरसारख्या अडकतात, म्हणजे उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात. केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी 2013 मध्ये ते दाखवून दिलं. शेवटची कात टाकून कीटक मोठा झाला की हे गिअर जातात. आईबापांना याचं काही विशेष वाटायला नको. मुलाचा गिअर कुठल्या वयात जातो ते त्यांना माहीत असतं.

चालणं मात्र शंभर टक्के आपलं स्वतःचं. दोन पायांची ये-जा, दोन हातांची उलट ये-जा, आणि तोल जाता जाता सावरणं. सरळ रेषेत न्यायला याहून भरवशाचं काही नाही, असं वाटतं. पण रानात चकवा लागतो, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाल्या जागीच येतो, हे कोकणात आणि मावळात कुणालाही विचारा. 2009 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत यान सूमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते करून बघितलं. माणसांना एका घनदाट जर्मन जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं आणि सरळ चाला म्हणून सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर ती बरीच सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की वळत वळत आपल्याच वाटेवर परत येऊ लागली. डोळे बांधले तर वीस मीटरपेक्षा कमी व्यासाच्या घेऱ्यात फेऱ्या घालू लागली. तेव्हा चकवा खरा. भुताचं नाव तेवढं वगळावं लागेल. म्हणजे आत एकही चाक नाही, आणि खुणा काढून घेतल्या की आख्खा माणूसच चाक होतो.

खुणा असल्या तरी होतो. आमच्या सोसायटीच्या मागे महापालिकेचं उद्यान आहे. त्यात चालण्यासाठी गोल पट्टा आणि पाटी, 'घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालावे.' पाटी वाचून उलट चालणारे गृहस्थ रोज एक तरी असतातच. दिशा उलट असल्यामुळे एका फेरीत प्रत्येक जण त्यांना दोनदा भेटतो आणि दोन्ही वेळा "काय, कसं काय?" करावं लागतं, चौथ्या फेरीला लोक मोबाइल काढून कानाला लावतात. उलट एकाच दिशेनं एकाच वेगानं चालणारे दोघं जन्मात भेटत नाहीत. याचा उपयोग आमच्या सेक्रेटरींनी आणि खजिनदारांनी फार हुशारीनं केला होता. पाण्याच्या टाकीच्या कोटेशनवरून दोघांचं बोलणं बंद आहे. दोघंही बरोबर सहाला येतात, एकाच दिशेनं चालतात, बरोबर अर्ध्या पट्ट्याचं अंतर ठेवून. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ कधी आली नाही.

पण गेल्या महिन्यापासून सेक्रेटरींचा उजवा गुडघा धरतोय. शेवटचा तो पीळ बसत नाही म्हणे. पाऊल थोडं आखूड पडतं. खजिनदारांचा वेग तोच आहे. अंतर अर्ध्या पट्ट्यावरून पाव पट्ट्यावर आलंय. बाकावर बसणाऱ्या आम्हा मंडळींनी हिशेब मांडला, पुढच्या आठवड्यात बुधवारी, फार तर गुरुवारी, कारंज्याच्या वळणावर खजिनदार त्यांना गाठतात. जोशींनी गुरुवारवर दोन भजी प्लेट लावल्या आहेत. मी बुधवारवर.